नरसिंहाचा खांब कसा करावा? फुटायला हवा आणि दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा उभाही राहायला हवा

डिचोलीची_टीचर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या देवळात वैशाखात उत्सवाला गावकऱ्यांचं नाटक असतं. यंदा प्रल्हादाचं आख्यान घेतलंय. मी शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा नेपथ्य आपसूक माझ्या गळ्यात आलं. दिग्दर्शकांना हिरण्यकशिपूच्या दरबारात चार खांब हवेत, चारही सारखे. त्यातला एक गदेच्या घावानं दुभंगायचा आणि आतून नरसिंह यायचा. कुठला खांब फुटणार ते प्रेक्षकांना आधी कळता कामा नये, ही त्यांची मुख्य अट.

मांडपातल्या रंगमंचाचं तोंड २२ फूट, खोली १६ फूट, झालरीखाली ११ फूट मोकळे मिळतात. खांब १० फुटी धरलेत. जमीन संगमरवरी, त्यामुळे खिळा मारायची सोय नाही. मांडपाच्या खांबांनाही हात लावायचा नाही, असं समितीनं बजावलंय. चार दिवसांनी शेजारच्या गावात दुसरा प्रयोग आहे, म्हणजे सगळं सोडून, पिकअपमध्ये घालून परत उभं करायचं. आमचा नरसिंह कबड्डी खेळणारा, खांदे चांगले रुंद. खर्चाला समितीनं पंधरा हजार मंजूर केलेत, रंग धरून. जाऊबाईंचा भाऊ सुतार आहे, त्याच्याकडे जिगसॉ आहे. कुणी असा खांब केला असेल तर जरा सविस्तर सांगा.

रंगीलो_म्हापसा

सोपं आहे. थर्माकोलचे ठोकळे आणा, गरम तारेनं कापा, वर रंग मारा. एका घावात तुकडे! प्रत्येक प्रयोगाला एक नवा खांब.

अंत्रुजचा_सुतार

टीचर, थर्माकोल डोक्यातून काढा. १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंदीच्या यादीत आहे. पण बंदी नसती तरी या खांबाला मी तो लावू दिला नसता. थर्माकोल फुटला की त्याचे दाणे होतात. ते नरसिंहाच्या आयाळीत जातात, पेटीच्या भात्यात जातात आणि मांडपात वारा आला की थेट गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या दारापर्यंत जातात. झाडूला ते येत नाहीत, झाडूलाच चिकटतात. भटजी पुढच्या वर्षी नाटकच नको म्हणतील.

आता मूळ मुद्दा. नरसिंह खांबात नसतोच. तो पडद्यामागे असतो. हे एकदा पक्कं केलंत की अर्धं काम हलकं होतं. गोल, बंद खांब करून त्यात माणूस कोंबायला गेलात तर खांब हौदाएवढा होतो, माणूस उकाड्यानं बेजार होतो, आणि आत कुणी हललं की खांब हलतो. लोक शहाणे असतात, हलणारा खांब त्यांच्या लगेच लक्षात येतो.

म्हणून खांब अर्धेच करा. पुढून खांब, मागून उघडे. फुटणारा खांब मागच्या काळ्या पडद्याला टेकून उभा करायचा. तिथं पडदा अखंड नको. दोन पडदे एकमेकांवर हातभर चढवून टांगायचे. नरसिंह मागच्या बाजूला खुर्चीवर बसून राहील, पाणी पिईल, मुखवटा शेवटच्या क्षणी चढवील आणि वेळ आली की त्या फटीतून खांबात शिरेल. खांबात तो जेमतेम एक पद होईपर्यंत असेल.

आकार अष्टकोनी घ्या, गोल नको. गोल म्हटलं की प्लाय वाकवणं आलं, आणि गोल खांबाची फट झाकत नाही. अष्टकोनाच्या सगळ्या बाजू सपाट, करवत सरळ चालते. रुंदी २४ इंच धरली तर एकेक बाजू जवळजवळ १० इंचांची येते. अर्ध्या अष्टकोनाला समोरची एक, तिरक्या दोन, आणि कडेच्या दोन अर्ध्या, म्हणजे ५, १०, १०, १०, ५, एकूण ४० इंच. ८ बाय ४ च्या ४ मिमी प्लायच्या एका शीटमध्ये एक खांब बसतो आणि ८ इंचांची पट्टी उरते, ती कंगोऱ्यांना कामी येते. आतून १२ मिमी प्लायचे अर्धे अष्टकोन दर दोन फुटांवर द्या, म्हणजे बाजू थरथरत नाहीत. खांबाचं अंग आठ फूट, खाली एक फूट पायथा, वर एक फूट शीर्ष. तीन तुकडे वेगळे ठेवा, जोडावर वळं (खांबाभोवतीचं गोल कडं) येतं, जोड दिसत नाही. पिकअपमध्ये आठ फुटी तुकडा आरामात मावतो.

हे झालं तीन मुक्या खांबांचं. चौथ्याची गोष्ट वेगळी. तो खांब नाही, तो दरवाजा आहे.

मागं लाकडाची चौकट करा: २ बाय ३ चे दोन उभे, वर एक आडवा. उभे खांबाच्या कडांच्या आड लपतात. मधे २० इंच वाट राहते. नरसिंहानं एक खांदा पुढे घालून निघायचं, तसंही ते दिसायला बरं, तो काही ऑफिसातून बाहेर पडत नाही. वरचे दोन फूट आणि शीर्ष चौकटीला कायमचं ठोका, ते हलायचं नाही. खालचा भाग मधोमध चिरून दोन दारं. बिजागऱ्या मागच्या कडेला, चौकटीच्या उभ्यांवर. पायथाही दारांनाच चिकटवा, जमिनीपासून अर्धा इंच वर. पायथा वेगळा जमिनीवर ठेवलात तर नरसिंहाला तो ओलांडावा लागेल, आणि मुखवट्यातून पायाखालचं दिसत नाही. अवतार घेताच आपटला तर हिरण्यकशिपूच हसेल.

दारांची मधली चीर सरळ नको. जिगसॉनं वेडीवाकडी कापून घ्या, वीज पडल्यासारखी. दोन्ही दारांच्या कापलेल्या कडांना आतून दीडेक इंच जाडीची पट्टी द्या म्हणजे दगडाची जाडी दिसेल, आणि त्या जाडीला लाल चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा रंग मारा. बाहेरून खांब सोन्याचा असू दे नाहीतर संगमरवराचा, फुटल्यावर आत चिराच दिसला पाहिजे. आपल्याकडे गिलावा पडलेली भिंत सगळ्यांनी बघितलेली असते, डोळ्यांना ते लगेच पटतं.

चीर झाकायची वर्तमानपत्राच्या पट्टीनं. इथं एक बारीक गोष्ट आहे. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटत जातं, आडवं फाडलं तर कुठंही भरकटतं. हातात घेऊन बघा. पट्टी अशी कापा की कागदाची उभी बाजू खांबाच्या उभ्या बाजूला येईल. खळ फक्त पट्टीच्या दोन्ही कडांना, मधे कोरडी. दारं लोटली की वरपासून खालपर्यंत टर्रकन फाटते, आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पट्ट्या आधीच रंगवून, वाळवून, गुंडाळून ठेवा. तालमीला एकदा, प्रयोगाला एकदा, दुसऱ्या गावात एकदा. नवी पट्टी लावली की खांब अखंड.

दारं आतून बंद ठेवायला चार कड्या, दोन डाव्या दाराला, दोन उजव्या, एकाआड एक वरखाली. त्या चारही कड्यांतून एक उभी सळी ओवायची. सळी खेचली की दोन्ही दारं एकदम मोकळी. मग नरसिंहानं दोन्ही हातांनी लोटायची. स्प्रिंग, रबर, चुंबक यांच्या नादी लागू नका, रंगीत तालमीत चालतात आणि प्रयोगाला रुसतात. दारं किती उघडावीत त्याला मागून सुंभाचा लगाम घाला. दार उघडताना कडेला जवळजवळ दीड फूट फिरतं, तेवढी जागा दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवा. सिंहासन तिथं चिकटवू नका.

सळी खेचणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, तेव्हा इशारा कानानंच मिळाला पाहिजे. मृदंगवाल्याला तिहाई घ्यायला सांगा, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर यायचं. घाव तीन, तिहाईच्या तीन तुकड्यांवर. तिसरा समेवर, समेला सळी. दिग्दर्शक एका घावाचा हट्ट धरतील. त्यांना सांगा, पहिल्या दोन घावांत लोक श्वास धरतात, तो फुकट का घालवायचा?

घाव जिथं बसणार तिथं उजव्या दाराला आतून १२ मिमी प्लायचा एक तुकडा स्क्रूनं बसवा. नाहीतर गदा लागल्यावर पुठ्ठ्याचा ‘ढब’ आवाज येतो आणि सगळा दरबार खोटा पडतो. बाहेरून त्या जागी सोनेरी कमळ रंगवा, हिरण्यकशिपूला नेम मिळेल. कमळ चारही खांबांवर हवं, हे सांगायला नकोच.

दशावतारी_पेडणे

वाचून मजा आली. आमच्याकडे दशावतारात एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. दोघांनी आडवा पडदा धरायचा, मागून नरसिंह गुरगुरतो, पडदा थरथरतो, नखं वरून दिसतात, आणि मग पडदा टाकायचा. बिजागरी नाही, सळी नाही, पंधरा हजार नाहीत. पोरं तरी आयांच्या मांडीत शिरतात ती शिरतातच.

एक मात्र सांगतो, खांब कितीही चांगला करा, नरसिंहानं बाहेर आल्याबरोबर पळत सुटू नये. आधी खांबातच उभं राहून मान फिरवावी.

अल्तिनोवरची

मी आर्किटेक्चर शिकते. दोन गोष्टी. एक म्हणजे प्रमाण. विन्योला या जुन्या इटालियन वास्तुकाराच्या हिशेबानं युरोपीय खांबांच्या चार शैलींत टस्कन खांबाची उंची व्यासाच्या ७ पट, डोरिक ८, आयोनिक ९, कोरिंथियन १० पट. तुमचा १० फुटी खांब २४ इंच रुंद, म्हणजे जेमतेम ५ पट. फारच ठेंगणा. दुसरं म्हणजे चार खांब प्रत्येकी २ फूट, २२ फुटांच्या तोंडातले ८ फूट खांबांनीच खाल्ले. माणसं नाचणार कुठं?

जुन्या गोव्यात जाऊन एकदा बघा. तिथलं मोठं चर्च, से कॅथेड्रल, बाहेरून टस्कन आहे आणि आतून कोरिंथियन. तिथले खांब भव्य असूनही जड का वाटत नाहीत, ते त्या प्रमाणामुळे.

अंत्रुजचा_सुतार

मुली, हा हिरण्यकशिपूचा दरबार आहे, तिथं मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) व्हायची नाही. राक्षसाचा खांब ठेंगणाच शोभतो. बारीक, उंच, नाजूक खांब फोडून सिंह निघाला तर लोक म्हणतील हा आत मावला कसा.

पण तोंडातले आठ फूट जातात हे तू बरोबर पकडलंस. टीचर, मागचे दोन खांब पूर्ण दाखवा, सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना. पुढचे दोन विंगेत अर्धे लपवा, प्रत्येकी फूटभरच दिसू दे. जे दिसणार नाही ते करायचंही नाही: त्या दोघांना समोरची एक बाजू आणि एक तिरकी बाजू पुरे, बाकी प्लाय वाचला. मधे चांगली सोळा-सतरा फूट जागा राहते. प्रेक्षकाला मात्र खांब चारच दिसतात.

अल्तिनोवरची

मिस्साचं मान्य. पण पौराणिक दरबारात पाश्चात्त्य खांब हे काही माझं खूळ नाही. रविवर्म्याची पौराणिक चित्रं बघा, राजवाड्यांत तसे खांब सर्रास आहेत. जुन्या संगीत नाटकांचे रंगवलेले दरबारी पडदेही त्याच वळणाचे असायचे. आपल्या आजोबांच्या डोळ्यांपुढचं इंद्रप्रस्थ अर्धं विलायतीच होतं.

तरीही अष्टकोन मला आवडला. चौकोनी पायथा, वर अष्टकोनी अंग, हा चढ आपल्या देवळांच्या दगडी खांबांत खूप जागी दिसतो. फक्त पायथा अष्टकोनी करू नका, चौकोनीच ठेवा. आणि वरच्या टोकाला रुंदी खालच्यापेक्षा थोडी कमी करा, दोनेक इंचांनी. दहा फुटांचा खांब बाराचा वाटेल.

अंत्रुजचा_सुतार

निमुळता करायला हरकत नाही, फक्त फुटणारा सोडून. निमुळत्या दाराची बिजागरी तिरकी बसते आणि दार उघडताना जमिनीला घासतं. आणि चौघे सारखे दिसायला हवेत, म्हणजे निमुळतं कुणीच नको. त्याऐवजी रंगात वर थोडी गडद छटा घ्या, तेवढंच काम होतं. चौकोनी पायथ्याचं मात्र करा. दारांसकट उघडतो, काही बिघडत नाही.

उजेडवाला

रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मांडपात हल्ली पांढरेशुभ्र एलईडी लावतात. त्यांच्याखाली पांढरा खांब डोळ्यांत खुपतो आणि सपाट होतो, तुमचे आठ कोन गेले कुठं ते कळत नाही. रंग मातकट पिवळ्याकडे न्या. प्लास्टिक इमल्शनमध्ये पिवडी किंवा स्टेनर घाला, ऑइल पेंट अजिबात नको, चकाकतो. प्रत्येक खांबाची डावी तिरकी बाजू एक छटा उजळ, उजवी एक छटा गडद. चौघांनाही उजेड एकाच बाजूनं पडतोय असं ठरवून टाका. समोरचा दिवा मंद ठेवा आणि विंगेतून एक आडवा मारा. खांबाला अंग येतं ते त्या आडव्या दिव्यानं.

आणि खांब फुटतो तेव्हा पडद्यामागून खालून एक लाल दिवा, नरसिंहाच्या पाठीमागे. चेहरा लगेच दाखवू नका, आधी आयाळीची कडा दिसू दे.

धुरासाठी पडद्यामागे नारळाची सोडणं पेटवून धूप टाकण्याची आयडिया कुणीतरी देईलच. ऐकू नका. कागद, पडदा, लोकरीची आयाळ, पेटणारं सगळं तिथंच हातभर अंतरावर असतं.

डिचोलीची_टीचर

तुम्हां सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. आज सुताराला वाचून दाखवलं, तो लगेच टेप घेऊन उठला. काही शंका आहेत.

खिळे नाहीत तर चौकट उभी कशी राहील? शीर्षावर मला कमळाच्या पाकळ्या हव्यात, त्या कागदाच्या लगद्याच्या केल्या तर वैशाखातल्या दमट हवेत वाळतील का? आणि खांब फुटताना काही तुकडे पडायला हवेत, धूळ उडायला हवी, असा दिग्दर्शकांचा आग्रह आहे. रांगोळीची भुकटी वापरू का?

अंत्रुजचा_सुतार

रांगोळी नको, टाल्कम पावडर तर मुळीच नको. संगमरवर, अनवाणी पाय आणि घाम, त्यावर भुकटी. प्रल्हाद आधी घसरेल. स्पंजचे ओबडधोबड तुकडे फाडून चिऱ्याच्या रंगात बुडवून वाळवा. वरच्या ठोकलेल्या भागाच्या आत एक फळी बिजागरीवर ठेवा, तिच्यावर ते तुकडे, आणि फळीचा दोरा त्याच सळीला बांधा. सळी निघाली की फळी कलते. स्पंज आवाज करत नाही, पण त्या वेळी मृदंग आणि गुरगुर इतकी असते की कुणाच्या ध्यानात येत नाही. मागून एकानं पत्रा हलवावा.

चौकटीच्या पायांना मागच्या बाजूला तीन-तीन फुटांच्या आडव्या पट्ट्या द्या, उभ्याला तिरका टेकू, आणि पट्ट्यांवर चिरे ठेवा. गावात चिरे काय, कुठल्याही कुंपणाशी पडलेले असतात. पण गोणपाटात बांधून घ्या. उघडा चिरा घासला की लाल भुकटी सुटते, ती संगमरवरावर उमटते, मग धोतरावर, मग समिती तुमच्यावर. मुक्या खांबांना प्रत्येकी एक चिरा पुरे, फुटणाऱ्याला चौकटीच्या दोन्ही पायांवर दोन-दोन. शिवाय चौकटीचा माथा वरच्या पडद्याच्या बांबूला सुंभानं बांधा. कुणीतरी खांबाला रेलून पद म्हणणारच. दिग्दर्शक नाही म्हणत असतील, तरी म्हणणारच.

पाकळ्यांची काळजी करू नका, दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणाऱ्या गावाला लगदा शिकवायला नको. तुमच्या वाड्यावरच्या पोरांना बोलवा. साचा म्हणून प्लास्टिकची कुंडी पालथी घाला, वर तेलाचा हात. कागद कापायचा नाही, फाडायचा, म्हणजे कडा एकमेकांत मिसळतात. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, असे आळीपाळीनं. कुठं थर चुकला ते रंगावरून लगेच दिसतं. पाचसहा थर पुरे. दोनापेक्षा जास्त थर एका दिवसात देऊ नका, आतून ओलं राहून बुरशी धरते. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घाला, किडा आणि बुरशी लागत नाही. ते विषारी असतं, पोरांना हात धुवायला लावा आणि खळीचं भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका. आणि वैशाखात वळिवाची सर कधी येईल सांगता येत नाही, मांडप बाजूंनी उघडा. रंगाचा शेवटचा हात पायथ्याच्या आतल्या बाजूलाही मारा.

उजेडवाल्यांचं आगीबद्दलचं म्हणणं मी अधोरेखित करतो. एक लिटर कोमट पाण्यात ७० ग्रॅम टाकणखार आणि ३० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा, कॅरमला लावतात तीच, पण सुगंध न घातलेली. ते पाणी मागच्या पडद्यावर आणि लगद्यावर रंगाआधी फवारा. पेटायचं पूर्ण थांबत नाही, पण ज्वाळा धरत नाही. पडदा धुतला की परत फवारावं लागतं.

वळ्यांसाठी लाकूड कोरत बसू नका. जाड दोर घ्या, मनगटाएवढा, जोडावर दोन फेरे, फेविकॉल, वर इमल्शन. लांबून कोरीव वळं वाटतं.

डिचोलीची_टीचर

एवढा जाड दोर डिचोलीत मिळत नाही, विचारून पाहिलं. कुठं बघू?

अंत्रुजचा_सुतार

बेतीजवळ मालीमच्या जेटीवर विचारा. ट्रॉलरवाल्यांकडे वापरून टाकलेले दोर असतात, थोडक्यात देतात. पण आधी रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवा, मग दोन दिवस उन्हात. देवळाच्या मांडपात मासळीचा वास सुटला तर खांब फुटेपर्यंत कुणी बसणार नाही.